तारुण्यपिटिका आणि पोटातून घ्यायची प्रतिजैविके
तेलग्रंथींच्या तोंडाशी तेल व मृत पेशी साचून तेथे जिवाणू वाढले की तारुण्यपिटिका, म्हणजेच मुरुमे, लाल होऊन सुजतात, आणि ती मध्यम ते तीव्र असतील तेव्हा डॉक्सिसायक्लिनसारखे प्रतिजैविक, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारे औषध, पोटातून दिले जाते; ते दाहही शमवते, हा त्याचा मोठाच गुण. मात्र ते एकटेच दीर्घकाळ घेतल्यास जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ ते सहसा ३-४ महिन्यांपुरते आणि बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या मलमासोबत देतात. या औषधामुळे त्वचा उन्हाने लवकर भाजते, तर गोळी घोटभर पाण्यासोबत गिळून लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेत व्रण होऊ शकतात. गरोदरपणात मुरुमांसाठी ते टाळतात.