प्रवाळांची मोजदाद
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नवरत्नांत हिऱ्याच्या पंक्तीला पोवळे बसते. हिरा भूगर्भात घडतो. पोवळे मात्र एका सजीवाची निर्मिती असते. या पोवळ्याचे आप्त असलेले पाषाणप्रवाळ उष्ण, उथळ समुद्रात भिंती उभारतात. इवलासा जीव पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती पेला रचतो. त्याच्या पेशींत वस्तीला असलेले सूक्ष्म शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देते. एका पिढीच्या सांगाड्यावर दुसरी पिढी वाढते. अशा प्रवाळभित्तींनी सागरतळाचा एक टक्का भागही व्यापलेला नाही. तरीही सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना त्यांचा आधार आहे.

भारतातील या भित्तींच्या अभ्यासाची एक वाट चेन्नईहून, म्हणजे तत्कालीन मद्रासहून निघते. तेथील सरकारी संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी रामेश्वरम बेट आणि मन्नारच्या आखातातील प्राणिसृष्टीचे वर्णन १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यानंतर एफ. एच. ग्रेव्हली यांच्या पुढाकाराने क्रुसडाई बेटाच्या किनाऱ्यावरील जीवांचा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला. पुढे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची स्थापना मद्रासमध्येच झाली. १९४९ मध्ये ती रामेश्वरमजवळच्या मंडपमला गेली आणि प्रवाळभित्ती प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावर आल्या.

या संस्थेतील डॉ. सी. एस. गोपीनाथ पिल्लै यांनी भारतीय प्रवाळांची ओळख पटवणे हेच आपले जीवितकार्य मानले. १९६७ मध्ये केरळ विद्यापीठाला त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषयही भारतीय प्रवाळ हाच होता. हे काम दिसते तितके सोपे नाही. एकच जात शांत पाण्यात फांद्या पसरते आणि लाटांच्या माऱ्यात आखूड, दणकट होते. म्हणून केवळ बाह्य रूपावर विसंबता येत नाही. नमुना स्वच्छ करून वाळवायचा, भिंगाखाली त्याच्या एकेका पेल्यातील बारीक पडदे मोजायचे, त्यांची मांडणी पाहायची आणि जुन्या वर्णनांशी ताडून मगच नाव निश्चित करायचे. पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारचे आखात यांतून त्यांनी अशा रीतीने शंभराला थोड्या कमी इतक्या जाती नोंदवल्या. लक्षद्वीपमधील मिनिकॉय कंकणद्वीपाच्या प्रवाळांवरील त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

जानेवारी १९६९ मध्ये मंडपम येथे प्रवाळ आणि प्रवाळभित्ती यांवर परिसंवाद भरला. आज जगभरचे शास्त्रज्ञ ज्या आंतरराष्ट्रीय प्रवाळभित्ती परिसंवादासाठी एकत्र येतात, त्या मालिकेतील पहिला परिसंवाद तो हाच. त्याचा निबंधसंग्रह १९७२ मध्ये निघाला. त्याच्या दोन संपादकांपैकी एक पिल्लै होते.

याच काळात मन्नारच्या आखातात प्रवाळाचे दगड खणून होड्यांतून किनाऱ्यावर आणले जात. कोणी त्यांची घरे बांधी, कोणी ते चुनाभट्टीत जाळी. किनाऱ्यावरील गरीब माणसाला त्यातून मजुरी मिळे, हेही विसरता येत नाही. परंतु अनेक पिढ्यांनी रचलेली भिंत पहारेच्या काही घावांत संपत होती. १९७५ मध्ये पिल्लै यांनी या भित्तींवर होणाऱ्या मानवी हस्तक्षेपाच्या परिणामांची स्वतंत्र मांडणी केली. १९८६ मध्ये या आखातातील २१ बेटांचा परिसर सागरी राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २००१ मध्ये पाषाणप्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले. तोवर दोन बेटे मात्र लाटांखाली गेली होती. भिंत गेली की बेटाची ढाल जाते, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आता संकट निराळे आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळातील शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरे पडते आणि उपाशी राहते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी मन्नारच्या आखाताने हे पाहिले. या विकाराला कुंपण घालता येत नाही, पहारेकरी नेमता येत नाही. परंतु काय टिकले आणि काय गेले, हे सांगता येते, कारण आधी काय होते याची नोंद आहे. तुतिकोरिनच्या संशोधकांनी नंतर तेथे ११७ जातींची यादी केली, तीही जुन्या नोंदींच्या आधारावरच उभी आहे.

मित्रहो, विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटरवर समुद्रात कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे. तेथेही प्रवाळ आहेत. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही ते आहेत. आपल्या दाराशी असलेल्या या जीवांची नावे मराठी मुलांपैकी कितीजणांना सांगता येतील? ज्याचे नाव ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. पिल्लै यांनी भिंग हाती घेऊन पडदे मोजले, म्हणून मन्नारच्या प्रवाळांचे नाहीसे होणे नोंदीविना राहत नाही. कोकणच्या प्रवाळांसाठी असे भिंग हाती घेणारा एखादा विद्यार्थी या शाळेच्या बाकांवरून उठावा, ही हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी शुभेच्छा.