भरपाई कोणाला?

गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचे श्रेय ब्रिटन अभिमानाने सांगते. त्या कायद्यान्वये दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली. कोणाला? गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना! कॅरिबियन बेटांतील उसाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्यांच्या हाती छदामही पडला नाही. उलट, बहुतेकांना १८३८ पर्यंत ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकांकडे विनावेतन राबावे लागले. कारण हिशेबाच्या वहीत त्यांची नोंद भांडवल म्हणूनच होती. भरपाईचा काही पैसा पुढे रेल्वेत गुंतला. त्यापायी काढलेले सरकारी कर्ज २०१५ साली फिटले. मॉरिशसच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मराठी माणसेही होती. भांडवलशाहीचा उगम शोधणाऱ्याने ही वही आधी उघडली पाहिजे.