दुकानाच्या किल्ल्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी फराळाचे जिन्नस सांगते, कोणी यात्रेची हकीकत सांगते. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले. मी म्हटले, "अहो, मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "जे सोसले तेच बोला." तेव्हा तेच बोलते.

विषय ऐकून कोणी "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणेल. घरचा कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या धंद्याचे काय होते, दुकानाच्या किल्ल्या कोणाच्या हाती जातात, हा माझा विषय आहे. आपल्या आळीत पाहा. कोणाचे किराणा दुकान, कोणाची पिठाची गिरणी, कोणाची खानावळ, कोणाचे शिवणकाम. आपल्यापैकी निम्म्या बायकांचा संसार गल्ल्यावर चालतो. पण त्या गल्ल्याचा पुढचा धनी कोण, हे कितीजणींना ठाऊक आहे?

आमचे मामंजी तांब्यापितळेच्या भांड्यांचे दुकान चालवीत. शून्यातून उभे केलेले. मोड घ्यायची, नवे भांडे द्यायचे, वरची घडणावळ घ्यायची. सगळा व्यवहार त्यांच्या जिभेवर. २००९ साली, दसरा-दिवाळीचा माल भरून ठेवलेला असताना, ते एका रात्रीत गेले. दुकान त्यांच्या एकट्याच्या नावावर, बँकेतले खातेही एकट्याच्या सहीचे. खाते थांबले. बँकेचे त्यात काही चुकले नव्हते, नियमच तसा. पण घाऊक व्यापाऱ्याला नियमाशी काय देणेघेणे? ज्यांना आम्ही द्यायचे होते ते तेराव्यालाच दारात आले. ज्यांनी आम्हाला द्यायचे होते त्यांनी रस्ता बदलला. कारण उधारी अर्धी वहीत होती आणि अर्धी मामंजींच्या डोक्यात.

मग वारसाचा प्रश्न निघाला. भावोजी नोकरीनिमित्त परगावी. हे सोळाव्या वर्षापासून दुकानात बसलेले. भावोजी म्हणाले, मी थोरला. हे म्हणाले, घाम माझा. दोन्ही वन्सं आपापल्या घरी. धाकट्या वन्संच्या घरी त्या वेळी ओढगस्त होती. त्यांनी भीतभीत विचारले, "माझे काही निघते का?"

भगिनींनो, तेव्हा मी काय बोलले ते आज सांगायला लाज वाटते. मी म्हटले, "तुमच्या लग्नात काय कमी केले होते? भाऊबीज तर दरवर्षी पोचतेच." त्या उठून गेल्या. पुढे वकिलांकडे गेल्यावर कळले, की त्या भीक मागत नव्हत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, पुरुष आपली स्वतःची मिळकत ठेवून मृत्युपत्राविना गेला, तर त्याची आई, त्याची विधवा, त्याचे मुलगे आणि त्याच्या मुली, सगळ्यांना सारखा वाटा. आमच्याकडे सासूबाई, दोन मुलगे, दोन मुली, म्हणजे पाच वाटे. थोरला म्हणून जास्त नाही, मुलगी म्हणून कमी नाही, राबला म्हणूनही जास्त नाही.

तो शेवटचा शब्द आमच्या ह्यांच्या जिव्हारी लागला. पण कायदा घाम मोजत नाही. घाम मोजायचा असेल तर तो धन्याने जिवंतपणी कागदावर मोजून ठेवावा लागतो.

दोन वर्षे दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. दुकानात नवा माल नाही, जुने गिऱ्हाईक तुटलेले. शेवटी २०११ साली सासूबाईंनी चारही मुलांना समोर बसवले. म्हणाल्या, "दुभत्या गाईचे पाच तुकडे केले तर कोणाच्या घरी दूध जाईल? गाय एकाने पाळावी आणि बाकीच्यांना मोल द्यावे." तिऱ्हाइताकडून सगळ्याची किंमत करवली. दुकान ह्यांना, घराचा मोठा भाग भावोजींना, वन्संना त्यांच्या वाट्याची रक्कम तीन वर्षांत हप्त्याने. आपला स्वतःचा वाटा मात्र त्यांनी घरात ठेवला. म्हणाल्या, "मी अजून जिवंत आहे, माझे छप्पर माझ्या नावावर राहू दे." वाटणीपत्र रीतसर नोंदवले. जे शहाणपण सासूबाईंनी दोन वर्षांनी दाखवले, ते मामंजींनी दोन तास काढून लिहून ठेवले असते तर भाऊ भावाला मुकला नसता.

हे फक्त गरिबाघरी होते असे नाही. धीरूभाई अंबानी २००२ साली मृत्युपत्राविना गेले. एवढा मोठा कारभार, पण दोन मुलांत वाद झालाच. २००५ साली आई कोकिलाबेन यांनी मध्ये पडून वाटणी करून दिली. तिथेही आईच कामी आली.

उलट दाखला आपल्या अहिल्याबाईंचा. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव यांनी सुनेला कोपऱ्यात बसवले नाही. हिशेब, पत्रव्यवहार, फौजेचा बंदोबस्त यांत तिला तयार केले. १७६६ त मल्हारराव गेले, १७६७ त मुलगा मालेराव गेला, तरी राज्य कोसळले नाही, कारण किल्ल्या घेणारा हात आधीच तयार होता. वारसाला नुसते नाव देऊन भागत नाही, काम शिकवावे लागते, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आता वकिलांना विचारून आणि ठेचा खाऊन जे शिकले ते मोजके सांगते.

पहिले, मृत्युपत्र. साध्या कागदावर, आपल्या मराठीत चालते. मुद्रांक लागत नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने सही करायची, आणि दोन साक्षीदारांनी ती सही पाहून आपली सही करायची. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. ज्याला वाटा मिळणार त्याला साक्षीला घेऊ नये, संशयाला जागा राहत नाही. साक्षीदार आपल्याहून तरुण पाहावेत, वेळेला उभे राहतील असे. आणि मृत्युपत्र लिहिले म्हणजे हात बांधले असे नव्हे. जिवंतपणी कितीदाही बदलता येते, शेवटचे खरे. पण आपली स्वतःची मिळकत आणि वडिलार्जितातला आपला वाटा, एवढेच लिहून देता येते. दुसऱ्याचा वाटा आपण लिहू शकत नाही.

दुसरे, बक्षीसपत्र वेगळे. ते केले की मालकी लगेच गेली. प्रेमाच्या भरात सगळे मुलांच्या नावावर करून आईबापांनी ओसरीवर बसू नये. द्यायचेच असेल तर आमचा सांभाळ करावा ही अट त्यात लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे अशी अट मोडली तर ते पत्र रद्द करून मागता येते.

तिसरे, मुलीचा हक्क. वडिलार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींना हक्क दिला होता. ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशात मुलीला, लग्न झालेले असो वा नसो, जन्माने मुलाइतकाच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही हे मुलीने समजून ठरवावे. राखीच्या ताटाबरोबर कागद पुढे करू नये.

चौथे, बँकेतले नामनिर्देशन. नाव लावले म्हणजे पैसे त्याचे झाले असे आपण समजतो. बँकेतली रक्कम तो हातात घेऊ शकतो, पण ती वारसांची म्हणून घेतो. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली हेच सांगितले. नाव जरूर लावा, अडलेला पैसा लवकर सुटतो. पण तेच मृत्युपत्र समजू नका.

पाचवे, भागीदारी. १९३२ च्या कायद्याप्रमाणे, करारात वेगळे लिहिलेले नसेल तर एक भागीदार गेला की भागीदारी संपते. दोघेच असतील तर संपतेच. म्हणून आपले यजमान कोणाबरोबर भागीत असतील तर करारपत्र एकदा वाचून घ्या. घरच्यांना हिशेब कसा आणि किती दिवसांत मिळणार, ते त्यात असले पाहिजे.

सहावे, भाड्याची किंवा पागडीची जागा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात असे आहे, की भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी. तसे कोणी नसेल तर वारसांपैकी कोणी, ते आपसांत ठरवायचे, नाहीतर कोर्ट ठरवते. म्हणजे जी बायको किंवा मुलगी रोज दुकानात बसते, तिचे बसणे कागदोपत्री दिसले पाहिजे.

सातवे, एकट्याच्या नावावरचा जी.एस.टी. क्रमांक त्याच माणसाचा असतो. तो गेल्यावर धंदा चालवणाऱ्याने आपल्या नावाने नवा घ्यावा लागतो. परवाने, वीजमीटर, सगळ्यांची एक यादी करा. त्याच यादीत देणे-येणे लिहा. नुसते मृत्युपत्र असून उधारीची वही नसेल, तर वारसाच्या हाती रिकामी पेटी येते.

आठवे, मुले लहान असतील तर त्यांच्या वाट्याची जागा आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीवाचून विकता येत नाही. त्यामुळे लेकरे लहान आहेत म्हणून घाई नाही, असे म्हणणे उलटे आहे. लेकरे लहान आहेत म्हणूनच घाई आहे.

आणि शेवटचे आपल्यासाठी. आपल्या नावावर जे आहे त्याचे मृत्युपत्र आपणही करावे. मुलेबाळे नसलेली विधवा बाई न लिहिता गेली, तर तिची स्वकष्टाची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईबापांचा नंबर त्यांच्या मागून लागतो. वारसाचे हे सारे नियम हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांपुरते. आपल्यातल्या मुसलमान आणि ख्रिस्ती भगिनींना वारसाचे नियम वेगळे आहेत. त्यांनी आपल्या जाणकारांना विचारावे.

आता घरचे सांगून थांबते. आमचा मुलगा पुण्याला इंजिनियर आहे. दुकानात बसणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले आणि मला त्याचा राग नाही. मुलगी बी.कॉम. होऊन चार वर्षे दुकान पाहते. पितळेचे भांडे हातात घेतले की वजन सांगते. कल्हईवाला, घाऊकवाला, सगळे तिलाच विचारतात. तरी ह्यांचे म्हणणे, "उद्या तिचे लग्न होईल, मग दुकान परक्या घरी जायचे." मी म्हटले, "मुलगा परगावी गेला तरी तो घरचा, आणि मुलगी चार गल्ल्या पलीकडे गेली की परकी, हा कुठला तराजू?" ते काही बोलले नाहीत.

हा तराजू मी स्वतःच एकदा वापरला होता, हे मला माहीत आहे. धाकट्या वन्सं आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हप्त्याचे पैसे त्यांना पोचले, पण तो शब्द मी कधी परत घेतला नव्हता. वन्सं, तो आज चारचौघींत परत घेते. माझी मुलगी त्या जागी उभी राहिली तेव्हा मला तो शब्द कसा लागतो ते कळले.

यंदाच्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर मी ह्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. ते म्हणाले, "मला इतक्यात पोचवतेस का?" मी म्हटले, "मामंजींनाही तसेच वाटले असेल." कागद दोन दिवस तसाच पडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "दुकान ताईला द्या. घरात माझा वाटा ठेवा, म्हणजे सणाला यायला मला जागा राहील." आता मसुदा तयार आहे. घर आमच्या दोघांच्या पाठीमागे दोन्ही मुलांचे, दुकान मुलीचे, आणि त्या बदल्यात मुलाला काय द्यायचे तो आकडा कोरा आहे. तो भरला की सही व्हायची. झाली म्हणजे पुढच्या वर्षी पेढे घेऊन येईन.

आज घरी गेल्यावर भांडू नका, रडू नका. जेवणे झाली की आपल्या यजमानांना एवढेच विचारा, "उद्या दुकान मला उघडावे लागले तर कोणती किल्ली कुठे आहे?" तेवढ्या एका प्रश्नातून पुढचे सगळे निघेल.