चारचौघांची भीती



पोटापाण्यासाठी मुलूख सोडलेल्या माणसाला परभाषेचा संकोच वाटावा, यात नवल नाही. ‘कन्नड येत नाही, म्हणून कुठे जाणेयेणे नाही,’ हे वाक्य हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीनिमित्त आलेल्या आपल्या घरांतून आम्ही पुष्कळदा ऐकतो. ते बहुधा खरेच असते. ‘स्वल्प स्वल्प बरुत्ते’ एवढ्या भांडवलावर भाजीवाल्याशी घासाघीस सुरू झाली, की तो संकोच हळूहळू ओसरतो.

परंतु काही जण मंडळाच्या हळदीकुंकवालाही येत नाहीत. तेथे तर सगळा कारभार मराठीत! भाषेची अडचण उरली नाही आणि तरीही पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही, तेव्हा कारण भीतीत तर नाही ना, हे पाहावे. (पाळीची ड्यूटी किंवा घरचे आजारपण नाही, याची खात्री करून मगच.) आपण मात्र अशा व्यक्तीला ‘शिष्ट’ ठरवून मोकळे होतो. वास्तविक तिला माणसे हवी असतात. त्यांच्या नजरेत आपण हास्यास्पद ठरू, ही धास्ती तिला पोखरत असते. छातीत धडधड, घशाला कोरड, कप धरलेल्या हाताला कंप; आणि घरी परतल्यावर स्वतःच्या प्रत्येक शब्दाची रात्रभर उलटतपासणी. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. तो बहुधा किशोरवयात मूळ धरतो, आणि टिकतो तो टाळाटाळीमुळे. समारंभ टाळला की तत्काळ हायसे वाटते. पण लोक खरोखर हसले असते काय, हे कधीच कळत नाही.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस हे स्वतः तरुणपणी असेच भित्रे होते. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलण्याचा महिनाभर नेम धरला. शंभर जणींशी ते बोलले. एकीने भेटीचे कबूल केले, तीही आली नाही! पण कोणी आरडाओरडा केला नाही, आकाश कोसळले नाही. आणि भीती मात्र गेली. त्यांचा विचार मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला.

आता आमच्या गणेशोत्सवाकडे पाहा. रडवेल्या मुलाला ‘भीती मोडेल’ म्हणून ध्वनिक्षेपकापुढे ढकलले जाते, ते अडखळते, आणि सभामंडप कौतुकानेच का होईना, हसतो. एलिस यांनी पाऊल स्वतःच्या इच्छेने टाकले होते, तेही पुनःपुन्हा. या मुलाला एकदाच ढकलले गेले, आणि जे भय होते तेच खरे ठरले. त्याने आधी घरच्यांपुढे, मग दोन मित्रांपुढे आणि मग मंडपात म्हणावे, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो.

मूल तोतरे बोलत असेल, तर १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था येथेच म्हैसूरमध्ये आहे. भीतीने शाळा, नोकरी वा लग्नकार्ये सुटू लागली असतील, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. विचारांना वळण देणाऱ्या उपचारांचा गुण येतो, आणि गरज पडल्यास डॉक्टर औषधेही देतात. बंगळूरची निम्हान्स संस्था फार दूर नाही. आणि प्रत्यक्ष जाण्याचेच भय वाटत असेल, तर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे.

मंडळापुरते सांगायचे, तर पुढील हळदीकुंकवाला अशा भगिनीस उखाणा घेण्याचा आग्रह करू नये. तासभर आधी बोलावून तिळगूळ पुड्यांत भरायला सोबतीस घ्यावे.