बॉर्डर टेरियरचें पथ्य

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखांत, कोल्ह्यांना बिळांतून हुसकावण्यासाठीं जोपासलेली 'बॉर्डर टेरियर' ही कुत्र्यांची जात मोठी काटक आहे. तरीहि तिच्यांतील कांहीं कुत्र्यांना एक विलक्षण व्याधि जडते. धांवतां धांवतां कुत्रें अडखळतें, पाय ताठरतात, अंग थरथरूं लागतें. आणि थोड्या वेळानें सर्व पूर्ववत् होतें. पाहणारा म्हणतो, हें फेफरेंच! परंतु फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यांत शुद्ध हरपते. येथें कुत्रें शुद्धीवर असतें.

या व्याधीचें मूळ अन्नांत सांपडलें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत अशीं सहा कुत्रीं तपासलीं, तेव्हां त्यांपैकीं पांचांच्या रक्तांत ग्लूटेनविरोधी प्रतिपिंडें वाढलेलीं आढळलीं. गहूं, जव यांसारख्या धान्यांतील ज्या प्रथिनामुळें कणीक चिवट होते, तेंच ग्लूटेन. तें आहारांतून वर्ज्य केल्यावर पांच कुत्रीं सुधारलीं. सहाव्याला मात्र गुण येईना. तें बाहेर घोड्याची लीद खात असे! पथ्य कडक होतांच तेंहि सुधारलें. पुढें दोन सुधारलेल्या कुत्र्यांचें पथ्य मोडलें आणि झटके परतले.

म्हणून अशा झटक्यांचें निदान पशुवैद्याकडूनच करून घ्यावें. फेफऱ्याचें औषध आपल्या मतानें देऊं नये, थांबवूंहि नये. आणि एकदां पथ्य ठरलें कीं, मुलांनीं लाडानें पुढें केलेला पावाचा तुकडा किंवा पाहुण्यानें टाकलेलें बिस्किट हेंहि कुपथ्यच समजावें. मुक्या प्राण्याला पथ्य कळत नाहीं. तें पाळावयाचें घरांतील प्रत्येकानें.