चार तासं पेरून पाहा



अशा कार्यक्रमात अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची चिंता वाहावी अशी रीत आहे. ती मी आज मोडतो. मला एका बारीक पण रोजच्या गोष्टीविषयी बोलायचे आहे. तुमच्या संगणकावरचे मुक्त सॉफ्टवेअर कोणत्या सालचे आहे?

सकाळी परभणीहून इथे झरीला येताना जिंतूर रस्त्याला चहासाठी थांबलो. शेजारच्या बाकावरच्या काकांना सहज विचारले, सोयाबीनचे वाण कोणते? ते म्हणाले, "सगळ्या रानात जुनंच हाय. कडंला चार तासं नवं टाकलंय. बघू म्हणलं." माझे भाषण तिथेच तयार झाले.

या जिल्ह्याला वाण समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ पासून परभणीत कृषी विद्यापीठ आहे. त्याचे सोयाबीनचे वाण 'एमएयूएस ७१' आले, मग १५८, १६२, ६१२. सोयाबीन हे सरळ वाणाचे पीक. बियाणे घरी राखता येते, शेजाऱ्याला देता येते. मुक्त सॉफ्टवेअरचेही तेच. वापरा, वाटा, जाणकार असाल तर आतला कोड उघडून सुधारा. पण घरचे बियाणे तरी किती वर्षे वापरायचे? प्रमाणित बियाण्यापासून घेतलेले सोयाबीन दोन-तीन वर्षे पेरा, मग बदला, असे कृषी खाते सांगते. सॉफ्टवेअर मात्र एकदा कुणी तरी टाकून दिले की संगणक भंगारात जाईपर्यंत आपण तेच वापरतो.

आपल्यापैकी अनेकांच्या संगणकावर अजून ओपन ऑफिस हे लिखाणाचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याच्याच कोडमधून २८ सप्टेंबर २०१० रोजी लिबर ऑफिसची फांदी फुटली. ओपन ऑफिसची ४.१ ही आवृत्ती २०१४ साली आली. त्यानंतर किरकोळ दुरुस्त्या झाल्या, आकडा ४.१च्या पुढे गेलेला नाही. लिबर ऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. २०२४ पासून तर आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. २४.२ म्हणजे २०२४चा फेब्रुवारी. बियाण्याच्या पिशवीवरच्या लेबलासारखे.

याचा मराठीशी काय संबंध? 'ॲ' हे अक्षर घ्या. ॲडमिशन, ॲसिड, ॲप. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात ते वर्णमालेत बसवले. त्याच्या आदल्याच वर्षी, युनिकोड या संगणकीय अक्षरसंकेताच्या ५.१ आवृत्तीत, त्याला स्वतःचा संकेतांक मिळाला होता. त्याआधीच्या प्रणालीवर आणि फाँटवर त्या जागी चौकोन उमटतो. म्हणून लोक 'अ' काढून त्यावर चंद्र ठेवू लागले. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादीत एक शोधाल तर दुसरा सापडेलच असे नाही. गावच्या वाचनालयाच्या सूचीत असे एखादे पुस्तक कपाटात असूनही हरवते.

दुसरे उदाहरण जोडाक्षरांचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिबर ऑफिसची ५.३ आवृत्ती आली. तेव्हापासून विंडोज असो वा लिनक्स, अक्षरांची जुळणी 'हर्फबझ' नावाचे एकच मुक्त यंत्र करते. हे नाव फारसीवरून आले आहे. हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे उघडे. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले आजोबा ज्यांनी पाहिले, त्यांना 'हर्फ' वेगळा सांगायला नको. एकच यंत्र सगळीकडे असल्यामुळे 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक झरीच्या संगणकावर जसा दिसतो, तसाच पुण्याच्या छापखान्यात दिसण्याची शक्यता वाढली.

माझ्या एका जुन्या कथासंग्रहाची फाइल मी जुनेच वापरण्याच्या हट्टापायी गमावली. तो युनिकोडपूर्व फाँटात होता. दुसऱ्या संगणकावर उघडला तर पानभर रोमन अक्षरांचा चिखल. छापील प्रत समोर ठेवून सगळा पुन्हा टंकित करावा लागला. त्या वेळी नवे शिकायला आठवडा लागला असता, न शिकल्यामुळे चार महिने गेले.

नव्याच्या तक्रारी खोट्या नाहीत. मेनू जागा बदलतात. जुन्या फाइलीची मांडणी कधी हलते. लिबर ऑफिसची २५.८ आवृत्ती तर विंडोज ७ आणि ८वर चालतच नाही. अशा संगणकावर हलके लिनक्स टाकून पाहता येईल, पण त्यालाही वेळ आणि माहितगार माणूस लागतो. म्हणून सगळे रान एकदम नव्याने पेरा, असे मी म्हणणार नाही.

पेरणीआधी आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो. सत्तर उगवले तर बियाणे चांगले. तेच करा. आधी फाइलींची प्रत वेगळी ठेवा. कार्यालयात पाच संगणक असतील तर एकावर नवी आवृत्ती घ्या. तुमची नेहमीची दहा कागदपत्रे त्यात उघडा: लग्नपत्रिका, ठरावाची नक्कल, प्रश्नपत्रिका. मजकुराची भाषा 'मराठी' निवडा, म्हणजे शुद्धलेखन तपासनीस मराठीचा कोश शोधेल आणि फाँटात सोय असेल तर 'ल', 'श' मराठी वळणाचे येतील. जे बिघडले त्याचे पडद्यावरचे चित्र काढा आणि बनवणाऱ्यांना कळवा. इंग्रजी मोडके असले तरी चालेल. ज्याला 'ऱ्य' वाचताच येत नाही, त्याला तो तुटलेला कसा कळणार? ते आपणच सांगायचे आहे.

आज घरी गेल्यावर एकच काम करा. 'मदत' मेनू उघडा आणि आपल्या आवृत्तीचा आकडा वाचा. तो ४.१ असेल किंवा ७ने सुरू होत असेल, तर तुमचे बियाणे जुने झाले आहे. कडेची चार तासं आजच मोकळी करा.