उघडे दार

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. चुकले तर सांभाळून घ्यावे.

ख्रिस्ती माणसाच्या पवित्र वागणुकीचा जगावर काय परिणाम होतो, यावर दोन शब्द बोलावे असे मला सांगण्यात आले. आपल्या जिल्ह्याला या विषयावरचे विद्वान काही नवे नाहीत. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेली, त्याआधी ती तीस वर्षे यवतमाळातच होती. शास्त्रातले सांगायचे ते त्या लोकांनी सांगितले आहे. मी आपली घरातली गोष्ट सांगते.

पवित्र म्हटले की आपल्याला सोवळेओवळे आठवते. आमच्या धर्मात पवित्रपण म्हणजे मन, जीभ आणि हात स्वच्छ ठेवणे, आणि तेही कोणी पाहत नसताना. देव पाहतो एवढे पुरे.

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. लहान वयातच दुष्काळात त्यांनी आईबाप आणि बहीण गमावली. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की, धर्म तर त्या दिवशी मिळाला, ख्रिस्ताची खरी ओळख मात्र पुढे कित्येक वर्षांनी झाली. एवढी विदुषी बाई, पण आपले उणे लपवले नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे धर्म शिकवणार नाही असे त्यांनी कबूल केले होते. पण स्वतःची प्रार्थना करताना त्या खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यावरून मोठे वादळ उठले आणि १८९३ साली कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या आईबापांची काळजीही मला कळते. पण मला नेहमी वाटते, आत एक आणि बाहेर एक असे ज्या माणसाचे नाही, त्यालाच दार उघडे ठेवता येते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व बाया घेऊन आल्या. स्वतः उपास काढलेल्या बाईला त्या परक्या वाटल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनात आंधळ्यांना, म्हाताऱ्यांना, लोकांनी टाकलेल्या बायांना जागा मिळाली. त्या विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकल्या. आमच्यासारख्या कमी शिकलेल्या बायांना समजावे म्हणून रमाबाईंनी सोप्या मराठीत बायबल केले, ते तिथल्याच छापखान्यात छापले. त्या १९२२ साली वारल्या, पण मुक्तीचे काम आजही चालू आहे.

आता माझे सांगते. सांगायला लाज वाटते, पण रमाबाईंचे नाव घेऊन हे लपवणे बरे नाही. आमच्या बचतगटाच्या पेटीची चावी माझ्याकडे होती. एका वर्षी पेरणीच्या दिवसांत बियाण्याला पैसे कमी पडले. मी पेटीतून दोन हजार रुपये घेतले. कोणाला विचारले नाही, वहीत लिहिले नाही. बारा दिवसांनी पुरते पैसे परत ठेवले. कोणाला कळले नाही, असे मी समजले.

महिनाभराने माझ्या डब्यातले पन्नास रुपये मुलीने घेतलेले सापडले. मी रागावले. ती सहावीत होती. म्हणाली, "आई, तूही पेटीतून घेतले होतेस आणि मग ठेवलेस. मीही ठेवणारच होते." मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांना खरे बोलायला शिकवते. ते तिने ऐकले होते, पण शिकली ती पेटीपुढे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या बैठकीला मुलीला घेऊन गेले आणि सगळ्यांपुढे कबूल केले. एक बाई म्हणाल्या, "तुम्ही प्रार्थना करणाऱ्या, तुम्हीच असे केले तर कोणावर भरवसा ठेवायचा?" मला उत्तर देता आले नाही. चावी माझ्याकडून गेली, ती अजून आली नाही, आणि मी मागितलीही नाही. पण त्या दिवसापासून पेटी दोघींनी मिळून उघडायची असा नियम झाला. मुलीने आपण होऊन पन्नास रुपये डब्यात ठेवले.

बहिणींनो, येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली. वरणात मीठ दिसत नाही, पण नसले तर पहिल्या घासाला कळते. आपले वागणेही तसेच. जगाला सुधारायला आपण निघालो नाही तरी घरातले लेकरू आपल्याकडे पाहून शिकतच असते, आणि उद्या तेच जगात जाणार आहे. म्हणून हिशेबाची वही, शेजारणीबद्दलचे बोलणे आणि सुनेशी वागणे, एवढे तरी उघड्या दाराने करावे. आणि चुकले तर कबूल करण्याला लाजू नये.